एकादशीला नोबेलचा दाखला

आषाढी जवळ आली की एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली उपवासाच्या संशोधनाबद्दल नोबेल मिळाले, आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होते, तेव्हा एकादशी करा. खाली जोडलेले हात. गंमत अशी की, हा मजकूर पुढे पाठवणारा बहुधा वर्षानुवर्षे एकादशी करणाराच असतो. ज्याला पुराव्याची गरज कधी भासली नाही, तोच पुरावा वाटत सुटलेला असतो.

नोबेल मिळाले हे खरे. पण ओसुमींनी त्या प्रयोगांत माणसे उपाशी ठेवली नव्हती. पाव फुगवायला वापरतात त्या यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या होत्या. विघटन करणारी काही विकरे नसलेल्या पेशी त्यांनी निवडल्या, त्यांचे पोषण तोडले आणि काही तासांत पेशीच्या आतल्या पोकळीत बारीक गोळे साठत गेलेले सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशी आपलेच जुने, निकामी भाग गोळा करते, मोडीत काढते आणि त्यातून कच्चा माल मिळवते. बेल्जियमच्या ख्रिस्तियाँ द डूव यांनी १९६३ मध्येच या क्रियेला ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिले होते. ओसुमींनी तिच्यामागची जनुके शोधून काढली. काम फार मोठे. मात्र सोळा तासांचा किंवा एकादशीचा हिशेब त्यात नाही.

तो सोळा तासांचा हिशेब आता घराघरांत पोहोचला आहे. रात्री आठला जेवण, मग दुसऱ्या दिवशी बारापर्यंत पाणी आणि बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. मोबाइलवरचे अॅप तास मोजते, वर्तुळ भरत आणते, सलग किती दिवस जमले ते सांगते. याचा उपयोग किती? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ११६ जणांपैकी काहींना दुपारी बारा ते रात्री आठ याच वेळेत खायला सांगितले, बाकीच्यांना तीन वेळा. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. चीनमधल्या ग्वांगझू शहरात लठ्ठपणा असलेल्या १३९ जणांवर वर्षभर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सगळ्यांचे उष्मांक कमी केले होते, एका गटाला वर घड्याळाचे बंधन. वजन दोन्हीकडे उतरले, घड्याळाने त्यात फारशी भर घातली नाही. कमी खाल्ले की वजन उतरते, एवढे निश्चित झाले. संशोधन अजून चालू आहे आणि उद्या वेगळेही काही हाती लागेल.

पण एकादशीवाल्यांची अडचण इथेच सुरू होते. व्रताला प्रयोगशाळेचा टेकू दिला, की प्रयोगशाळेचा पुढचा निकालही मानावा लागतो. २०१६ च्या नोबेलने एकादशी खरी ठरत असेल, तर २०२२ च्या चाचणीने ती निम्मी सोडायची का? असा प्रश्न कोणी विचारत नाही; कारण मुळात कोणीच त्या आधारावर एकादशी करत नाही. मग दाखला तरी कशाला हवा? आपली श्रद्धा मागासलेली दिसू नये, ही धास्ती त्यामागे असावी.

याच्या उलट टोकाला एक भाबडी समजूत आहे: जुना उपवास निरपेक्ष, नवा स्वार्थी. ती टिकत नाही. सोळा सोमवार कशासाठी करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्यासाठी, मुलासाठी, नोकरीसाठी केलेली काम्य व्रते आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि त्यांच्या कहाण्यांत फळ अगदी रोखठोक मिळते. फरक स्वार्थाचा नाही, समोर कोण आहे याचा आहे. काम्य व्रतातही मागणे कोणाकडे तरी असते. गांधीजींनी फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना एकवीस दिवसांचे उपोषण केले, तेव्हा त्या भुकेसमोर एक साम्राज्य होते. अॅपवरच्या भुकेसमोर तीच भूक भोगणारा माणूस असतो, आणि त्याचा आलेख.

बरे, एकादशीत भूक तरी किती असते? ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे मराठी माणसाने स्वतःच म्हणून ठेवले आहे. साबुदाण्याची खिचडी कढईतून ताटलीत येते तेव्हा तिच्यावर तूप चकाकत असते, दाण्याचे कूट प्रत्येक दाण्याला चिकटलेले असते, बटाट्याच्या फोडी कडेने खरपूस झालेल्या असतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; शंभर ग्रॅममागे साधारण साडेतीनशे उष्मांक, प्रथिने नावापुरती. शिवाय तो ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, रताळे, मिरची, हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. पोर्तुगीज येण्यापूर्वीच्या वारकऱ्याच्या फराळात यातले काहीच नसणार. पिढ्यानपिढ्या इथे पिकलेला तांदूळ मात्र त्या दिवशी वर्ज्य! कोथिंबीर चालते की नाही, यावर तर दोन सख्ख्या जावांचे एकमत होत नाही.

म्हणजे आरोग्य नाही, धड भूकही नाही. मग उरले काय? नियम. आणि तो एकट्याचा नसतो. घरात त्या दिवशी भाताचे पातेले चुलीवर चढत नाही, शेजारी विचारून डबा पाठवतात, पंढरपुरात लाखो लोक एकाच दिवशी एकच गोष्ट टाळतात. नव्या उपवासात घरचे पोहे खात असतात आणि एकजण मोबाइलकडे पाहत बसलेला असतो. त्याचे वजन उतरेलही. पण त्या पोह्यांपुढे तो एकटाच पडतो.

सूर्यास्तानंतर न जेवण्याच्या जैन नियमालाही अलीकडे असाच विज्ञानाचा टेकू दिला जाऊ लागला आहे. त्यामागचे एक मोठे कारण अहिंसा होते: अंधारात दिव्यावर येणारे कीटक अन्नात पडून मरू नयेत. आज त्याच नियमाची तरफदारी शरीरातल्या घड्याळाच्या आधाराने केली जाते. विजेच्या उजेडात कीटक दिसतात, नियम तरी टिकला आहे. पण त्यातला जीव वाचायचा होता तो दुसऱ्याचा, हे या नव्या समर्थनात गळून जाते.

जुन्या शास्त्रकारांना शरीराचा विसर पडला होता असे मात्र नाही. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे त्यांनी सांगितले: पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हवी, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. बटाट्याला बहुधा यातल्या कंदमुळांच्या दारानेच प्रवेश मिळाला. रमजानच्या रोजातूनही कुराणाने आजारी आणि प्रवासी माणसाला सूट दिली आहे. व्रत असो वा अॅप, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मात्रा तीच ठेवून जेवण टाळले तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते.