ऐकीव वाचन

आमच्या बँकेत मधल्या सुट्टीत डब्यांबरोबर तोंडंही उघडतात. परवा कर्जविभागातल्या मित्राने एका जाडजूड कादंबरीचं नाव घेऊन ‘कालच वाचून संपवली’ असं जाहीर केलं. उलटतपासणीत निष्पन्न झालं, की गृहस्थाने पुस्तकाला हातही लावला नव्हता. लोकलमध्ये उभ्याउभ्या, कानात इअरफोन खुपसून, ती ऐकली होती! मी ताडकन म्हणालो, “मग ‘ऐकली’ म्हणा. ‘वाचली’ ही शुद्ध थाप!” मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. नोंद योग्य खात्यावर पडली पाहिजे, एवढी एकच नीती मला ठाऊक.

घरी येऊन हा पराक्रम नानांना सांगितला आणि सांगतासांगता जीभ चावली. काचबिंदूने नानांची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली. हल्ली तेही फोनवर पुस्तकं ऐकतात.

नाना शांतपणे म्हणाले, “अरे, ज्ञानेश्वरीसुद्धा माउलींनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ऐकून लिहून घेतली. तुझी आजी अक्षरशत्रू, पण पोथी तोंडपाठ. फलश्रुतीत वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला पुण्य सारखंच. त्यात तू कोण कपात करणारा?”

मी इतिहास चाळला, तर आणखीच ओशाळलो. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांच्या यादीत अंधांसाठी बोलती पुस्तकं नोंदवून ठेवली. १९३०च्या दशकात अमेरिकेत ती तबकड्यांवर आली, एका बाजूला जेमतेम पंधरा मिनिटं! पुढे कॅसेटी आल्या; त्या कमी लागाव्यात म्हणून पुष्कळदा पुस्तकच छाटत. २०१७ साली स्वीडनची स्टोरीटेल मराठी पुस्तकंही घेऊन भारतात आली. म्हणजे ही सोय मुळात डोळे नसलेल्यांची. आम्ही डोळस मागाहून घुसलो, आणि वर त्यांच्याच वाचनावर हरकत घेतो!

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण नाना पुढे म्हणाले, “दृष्टी गेली तेव्हा वर्षभर तू मला वाचून दाखवायचास. त्यातलीच एक कादंबरी परवा फोनवर ऐकली. तीत पावसाची चार पानं आहेत. तुझ्या प्रतीत नव्हती का रे?”

वाचकहो, होती. जेवायची वेळ गाठायला मी ती खुशाल गाळली होती. ग्राहकाच्या पैशातली चवन्नी इकडची तिकडे न करणाऱ्या माणसाने घरातल्या आंधळ्या माणसाची चार पानं खाल्ली होती!

आता हिशेब असा : खात्यात रोख भरा नाहीतर चेक, जमेला रक्कम तीच, चेक वटला म्हणजे झालं. नानांचा वटला होता. डोळे धडधाकट असून माझा परत आला होता.

त्या रात्री कपाटातून ते पुस्तक काढलं आणि पावसाची चार पानं मोठ्याने म्हटली. नानांनी ती दुसऱ्यांदा वाचली. मी पहिल्यांदा.