अर्थत्यागाचा अधिकार

एखाद्या छोट्या चित्रदालनांत चित्रांपुढें उभा राहून कोणी निव्वळ अर्थहीन ध्वनींची कविता म्हणूं लागला, म्हणजे बहुतेक श्रोत्यांस असें वाटतें कीं, हा गृहस्थ एक तर आपली थट्टा करीत आहे, नाहीं तर आपल्या भिडस्तपणाचा फायदा घेत आहे. हा संशय सर्वस्वीं निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या प्रयोगांच्या एका प्रमुख उगमापर्यंत गेलें असतां प्रश्न थट्टेचा राहत नाहीं, नीतीचा होतो.

पहिलें महायुद्ध ऐन भरांत असतां, ५ फेब्रुवारी १९१६ रोजीं, ह्यूगो बाल व एमी हेनिंग्ज या जर्मन कलावंतांनीं झुरिक शहरांतील स्पीगलगासे गल्लींत, एका मद्यगृहाच्या खोलींत, 'कॅबरे व्होल्टेर' सुरू केलें. (लेनिन त्या काळीं याच गल्लींत बिऱ्हाड करून होता.) भिंतींवर नव्या चित्रकारांचीं चित्रें, व्यासपीठावर गाणीं, ढोल आणि काव्यवाचन. २३ जून रोजीं बालनें चकचकीत निळ्या पुठ्ठ्याचीं नळकांडीं पायांवर कमरेपर्यंत चढविलीं. त्यांमुळें त्यास चालतां येईना, तेव्हां अंधारांत उचलूनच त्यास व्यासपीठावर आणावें लागलें. आणि मग कोणत्याच भाषेंत नसलेले शब्द तो सावकाश म्हणूं लागला. १९१७ च्या मार्चांत याच मंडळींनीं बानहोफस्ट्रासे या प्रतिष्ठित रस्त्यावर 'गॅलरी डाडा' उघडली. तेथें कांडिन्स्की, क्ले यांचीं चित्रें लागलीं, व्याख्यानें झालीं, आणि कांहीं महिन्यांतच ती बंदही पडली.

व्हर्दून येथें माणसें मरत असतां तटस्थ देशाच्या आश्रयास राहून ढोल बडवावे, हें शोभतें काय? आक्षेप साधा नाहीं. बाल भ्याड होता असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १९१४ मध्यें तो आपण होऊन सैन्यांत भरती होण्यास गेला होता. त्यास नाकारण्यांत आलें. त्याची तक्रार शब्दांविषयीं होती. देश, मान, बलिदान हे शब्द वृत्तपत्रांनीं इतके राबविले कीं, खोटें नाणें हातीं घेऊं नये तसे ते त्यास घेववेनात.

येथें आमचा त्याच्याशीं मतभेद आहे. भाषा एकट्या कवीची मिळकत नव्हे. व्हर्दूनला मुलगा गमावलेल्या आईस शोक करावयाचा तो त्याच विटाळलेल्या शब्दांनीं. तिला दुसरे कोठून आणावे? सज्जनांनीं शब्द टाकले म्हणजे ते विटाळणाऱ्यांच्याच हातीं राहतात.

अर्थहीन ध्वनि आम्हांस वर्ज्य आहेत असें नव्हे. तराणा ऐकतांना अर्थ कोण विचारतो? परंतु तेथें राग व ताल यांचें बंधन असतें. बालच्या पाठीशीं असें कांहींच नव्हतें. आणि गंमत अशी कीं, तें त्यास शोधावें लागलें. म्हणतां म्हणतां त्याचा आवाज आपोआप कॅथलिक पुरोहिताच्या शोकगायनाच्या वळणावर गेला, असें त्यानेंच आपल्या दैनंदिनींत नमूद केलें आहे. वेदनेनें शब्द टाकणारा आणि फॅशन म्हणून टाकणारा यांतील भेद आम्ही येथें पाहतों. दुसऱ्याचा आवाज अशा वळणावर कधीं जात नाहीं.

बाल त्या मंडळींत फार दिवस राहिला नाहीं. १९१७ मध्यें तो बाहेर पडला, बर्नच्या एका वृत्तपत्रांत राजकीय लेख लिहूं लागला, आणि १९१९ मध्यें जर्मन बुद्धिमंतांच्या दोषांची झाडाझडती घेणारें एक पुस्तक त्यानें प्रसिद्ध केलें. तें सरळ, सार्थ जर्मन भाषेंत.