काठावरची हाक

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मी आमच्या होडीला मोटार बसविली. गोष्ट एवढीशीच. एवढ्याशा गोष्टीसाठी दिवाळी अंकाची पाने का अडवावीत, असे कोणी विचारील. मलाही प्रथम तसेच वाटले असते. पण त्या मोटारीने माझ्यापुढे एक प्रश्न टाकला आणि वर्ष उलटले तरी तो मला सोडीत नाही.

आमचे घर कर्लीच्या खाडीकाठी आहे. पूल आहे तो वरच्या अंगाला. गाडीने पैलतीर गाठायचा म्हणजे मोठा वळसा. म्हणून घरची होडी अजून टिकली आहे. ती चालवितात आबा. ते नात्याचे नव्हेत, पण मी शाळेत जाऊ लागलो तेव्हापासून त्यांच्याच होडीत बसत आलो. नोकरी संपवून मी गावी परतलो, तोवर आबांची सत्तरी उलटली होती. एके दिवशी वल्हे आत घेऊन ते म्हणाले, "माझो खांदो आता वल्हां मारूक देना नाय." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भरतीची वेळ सांगावी तसे त्यांनी ते सांगितले. मी अडीच अश्वशक्तीची, एका माणसाला उचलता येईल अशी मोटार घेऊन आलो.

आता ती लावायची कोठे? मोटार टांगण्यासाठी होडीची मागची बाजू सपाट, फळीसारखी लागते. आमची होडी दोन्ही टोकांना निमुळती. तेव्हा सुताराकडून मागल्या बाजूला, दोन्ही काठांवर घट्ट बसेल असा एक आडवा दांडा करून घेतला, त्याच्या एका टोकाला जाड फळी ठोकली आणि त्या फळीवर मोटारीच्या पकडी आवळल्या. म्हणजे मोटार मध्यावर न येता एका कुशीला आली. कोणत्या कुशीला, यावर आमचा वाद झाला. उलांडी डावीकडे, म्हणून समतोलासाठी मोटार उजवीकडे हवी, असे माझे गणित. आबांनी मान हलविली. उजवीकडे भार पडला की उलांडी पाण्यातून उचलते आणि होडी कलंडते. शिवाय उलांडी पाण्यात ओढते ती डावीकडूनच. होडीचे नाक सदा त्या बाजूला वळू पाहते. मोटार डावीकडून रेटू लागली तर ते नाक थोडे सरळ राहते. आबांचेच खरे ठरले. मग पंख्याची खोली पाहिली. वर राहिला तर तो हवा खातो आणि नुसता भिरभिरतो, फार खाली गेला तर होडीला मागे ओढतो. दोन दिवस पाचरी मारण्यात गेले. तिसऱ्या दिवशी आबा एका हाताने मोटारीचा दांडा धरून, पाय पसरून, पैलतीरी जाऊन आले. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही.

हे मुद्दाम सांगितले. यंत्रावर टीका करणे सोपे असते आणि वल्ह्याचे काव्य करणे त्याहून सोपे. वल्ह्याचे गोडवे गाणाऱ्याच्या तळहाताला बहुधा घट्टे नसतात. अशी मोटार १९०९ साली अमेरिकेत विक्रीस आणणाऱ्या ओले एविनरूडची एक गोष्ट सांगतात. उन्हाळ्यातील सहलीत त्याच्या प्रेयसीला आइस्क्रीम हवे झाले. तो वल्ही मारीत काठावर गेला, घेऊन परतला, तोवर ते वितळून गेले होते. ही गोष्ट कितपत सजविलेली आहे कोण जाणे. पण यंत्राच्या मुळाशी माया असू शकते, हे तिच्यातून कळते. नवल असे, की त्याच १९०९ साली, नोव्हेंबर महिन्यात, गांधीजींनी 'हिंद स्वराज्य' लिहिले. यंत्रसंस्कृतीवरचा तो कडक अभियोग त्यांनी लिहिला एका आगबोटीवर, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस परतताना. उजवा हात थकला की डाव्याने. पुढे १९२४ साली त्यांनी शिवणाच्या यंत्राला आपल्या टीकेतून वगळले. बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने ते यंत्र केले, अशी त्यांची समजूत होती. आबांच्या खांद्यासाठी आणलेली मोटार या न्यायाने निर्दोष ठरावी. मीही तसेच धरून चाललो होतो.

पण दिवाळी चार दिवसांवर आली असताना एका तिन्हीसांजेला आम्ही पैलतीरावरून बाजार घेऊन निघालो. होडीत दोघेच, बाकी जागा रिकामी. वारा समोरून, काळोख दाटत आलेला. मोटार सुरू झाली आणि घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या. सासऱ्यांच्या दम्याचे औषध आणायला त्या पलीकडे गेल्या होत्या. आम्ही धक्का सोडला आणि पाठोपाठ त्या पोचल्या. त्यांनी हाक मारली, ओढणी हलवली, पाण्यात गुडघाभर उतरून पुन्हा हाक मारली. आम्ही गेलो ते गेलोच. रात्र त्यांनी पैलतीरी एका ओळखीच्या घरी बसून काढली आणि इकडे म्हातारा उशीला टेकून पहाटेपर्यंत श्वास ओढीत होता. तो वाचला, हे त्याचे दैव. आमचे त्यात काही श्रेय नाही.

"हाक ऐकाक इली नाय ओ," मी ओशाळून म्हणालो.

"मारलंय तर! पण तुमची मोटार माझ्यापेक्षा मोठ्यान बोलता," वहिनी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आमच्या खाडीत एक रीत आहे. होडीत जागा असली आणि काठावरून हाक आली, तर परतायचे. ही रीत कोणी घालून दिली, हे मला पूर्वी सुचले नव्हते. आता वाटते, ती वल्ह्यानेच घालून दिली असावी. दोन वल्ह्यांच्या मध्ये एक निःशब्द क्षण असतो. त्या क्षणात काठ ऐकू येतो. आम्ही भले होतो म्हणून ऐकत नव्हतो. ऐकू येत होते म्हणून आम्हांला भले राहणे सोपे जात होते. मोटारीने तो क्षण बुजविला आणि माझा भलेपणा कशावर उभा होता ते उघडे पडले.

हत्यार निर्दोष असते, दोष वापरणाऱ्याचा, असे आपण म्हणतो. पण मी त्या संध्याकाळी कोणता दोष केला? हाक ऐकून मी पाठ फिरविली नाही. हाक माझ्यापर्यंत आलीच नाही. आणि न ऐकलेल्या हाकेचे पाप कोणाच्या माथी मारायचे? पुष्कळ विचारान्ती मला वाटते, ते माझ्याच माथी. न ऐकणे हा माझा दोष नव्हता. आपल्याला आता ऐकू येत नाही, हे मी ध्यानात घेतले नाही, हा होता. कष्ट वाचविणारी वस्तू घरात आणताना ती काय देते हे आपण पारखून घेतो. ती काय बुजविते, हे पारखण्याचे कामही त्याच क्षणी आपल्यावर येऊन पडते.

त्या मोटारीला एक लाल दोरी आहे. चालविणाऱ्याने ती मनगटाला अडकवायची. तो पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि यंत्र थांबते. करणाऱ्याने होडीतल्या माणसाचा एवढा विचार केला. काठावरच्या माणसाला मात्र ओढता येईल अशी दोरी कोणत्याच यंत्राला नसते. ती आपल्यालाच बांधून घ्यावी लागते.

मधल्या काळात एका स्नेह्याने याहून मोठी मोटार घेण्याचा आग्रह केला. पण होडीचा स्वभाव वेगळा आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात नमुन्यांवर प्रयोग करून दाखविले, की अशा होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. सोळा फुटांची होडी ताशी दहा किलोमीटरांच्या आसपास पोचली, की स्वतःच उठविलेल्या लाटेच्या चढाला लागते. मग शक्ती दुप्पट केली तरी मागचा भाग खाली बसतो, नाक वर येते, आणि वेग जेमतेम वाढतो. मी स्नेह्याला नको म्हटले.

मोटार मी काढली नाही. आबांच्या खांद्याची किंमत देऊन माझे मन स्वच्छ करण्याचा मला अधिकार नाही. आम्ही एवढेच ठरविले: धक्का सोडण्यापूर्वी एकदा, आणि धक्का सोडून पन्नास-साठ हात गेल्यावर एकदा, मोटार बंद करायची. होडी आपल्या ओघात पुढे सरकत राहते. पंख्याचे पाणी निवते. आबा कानामागे हात धरून काठाकडे पाहतात.

बहुतेक वेळा कोणीच हाक मारीत नाही. मग आबा दोरी ओढतात आणि आम्ही घरी येतो.