शंकेचे माप

माणसाने आपल्या मताला किती धरून राहावे आणि ते केव्हा बदलावे, हा प्रश्न घरोघरी रोज उभा राहतो. सहज मत बदलणाऱ्याला आपण चंचल म्हणतो; मुळीच न बदलणाऱ्याला हेकट. या दोहोंमधल्या वाटेचे एक गणित यंत्रशास्त्राने मांडले आहे.

बुडापेस्टला १९३० साली जन्मलेल्या रुडॉल्फ कालमान यांनी अमेरिकेत १९६० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली रीत ‘कालमान फिल्टर’ म्हणून ओळखली जाते. अपोलो याने चंद्राकडे गेली, ती याच रीतीच्या आधाराने. आधी आपल्या माहितीवरून अंदाज बांधावा; मग मोजून पाहावे. दोहोंत अंतर पडणारच, कारण अंदाज अपुरा असतो आणि मापही थोडेफार चुकते. तेव्हा ज्याच्याविषयी शंका कमी, त्याच्याकडे अधिक झुकावे. अंदाज ६०, माप ६८, आणि मापाविषयीची शंका अंदाजाच्या तिप्पट असेल, तर अंतराच्या चौथाईइतकेच सरकावे. ६२ वर थांबावे.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारीची बॅटरी घ्या. तिच्यात या घटकेला किती वीज शिल्लक आहे, हे क्षणोक्षणी बदलते. मुळात किती मावते, हे वर्षानुवर्षांच्या वापराने हळूहळू घटते. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. विजेचा दाब, प्रवाह आणि तापमान मोजून ही रीत दोहोंचा माग काढते. माणसाचेही असेच नाही का? दिसतो तो राग. तो घटकेचा की स्वभावाचा, हे आपल्याला ताडावे लागते.

पण येथे एक धोका आहे. बॅटरीची धारणशक्ती कधीच बदलत नाही असे गृहीत धरले, की प्रत्येक मोजणीबरोबर गणिताची खात्री वाढत जाते, शंका शून्याकडे सरकते आणि अखेर ते नव्या मापाकडे ढुंकूनही पाहत नाही. बॅटरी म्हातारी झाली तरी त्याच्या लेखी ती तरुणच! म्हणून जाणते अभियंते दर पावलाला थोडी शंका मुद्दाम घालत राहतात. ती फार झाली, तर गणित प्रत्येक हेलकाव्यामागे धावते. मुळीच नसली, तर बहिरे होते.

अनुभवाने शहाणपण येते हे खरे. पण अनुभवाच्या ढिगाखाली कानही बुजतात. ‘धाकटा उधळ्याच’ हे मत दहा वर्षांपूर्वीच्या हिशेबावर उभे असते. तो मधल्या काळात संसाराला लागलेला असतो. आपले मत तेवढे जागचे हललेले नसते. खरे बोलावे, ही निष्ठा मोजणीवर ठरत नाही. तेथे माणसाने अढळच राहावे. परंतु अमुक माणूस खोटा, हा निवाडा मोजणीवरच उभा असतो, आणि तो कायमचा बंद करणे हा त्या माणसावर अन्याय आहे. येथे शंका राखणे म्हणजे अविश्वास नव्हे. समोरचा बदलू शकतो, एवढे त्याचे देणे मान्य करणे होय.

दिवाळीला सारी माणसे एका पंगतीला बसतात. फराळाची ताटे पुढे येतील, तेव्हा जुना हिशेब घटकाभर बाजूला ठेवून धाकट्याचे बोलणे ऐकायला काय हरकत आहे?