पावसाने वाहून नेलेला दोष

बांधकामाच्या जागेवर पडलेले पावसाचे पाणी उघडी माती, सिमेंटची भुकटी आणि यंत्रांतून गळलेले डिझेल घेऊन वाहते. मुंबईत पर्जन्यजलवाहिन्या मलवाहिन्यांपासून वेगळ्या आहेत. त्यांतले पाणी शुद्धीकरण न होता नाल्यांतून, मिठी नदीतून माहीमच्या खाडीत आणि समुद्रात जाते. गाळाने माशांचे कल्ले बुजतात. ओल्या काँक्रीटच्या धुवणाचा सामू १२च्या आसपास असतो. तो जलचरांना घातक ठरतो.

मासे मारावेत असे बांधकामावरच्या कोणाच्याही मनात नसते आणि घाण वाहून नेतो तो पाऊस. मग ही हिंसा कोणाची?

मनुस्मृतीचा चौथा अध्याय पाण्यात मलमूत्र, रक्त किंवा विष टाकू देत नाही. हा निषेध टाकणाऱ्या हाताला आहे. तिसऱ्या अध्यायातील पंचसूनांची कल्पना याहून खोल जाते. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा यांच्या रोजच्या वापरात जीव नकळत मरतात. त्या दोषाच्या परिहारासाठी गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले आहेत. म्हणजे हेतू नसला तरी कामाचा दोष करणाऱ्याकडेच राहतो.

जैन विचार हा दोष नेमका कुठे आहे ते दाखवतो. तत्त्वार्थसूत्रानुसार प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून, झालेला प्राणघात ही हिंसा होय. म्हणूनच साधूंच्या पाच समित्यांपैकी, म्हणजे सावध आचरणाच्या नियमांपैकी, एक वस्तू उचलताना-ठेवताना आणि दुसरी टाकाऊ पदार्थ टाकताना दक्षता सांगते. हे मानले, तर दोष पाऊस पडण्याआधीच, सिमेंटची गोणी उघडी राहिली तेव्हा घडलेला असतो.

त्यामुळे कर्तव्यही पावसाआधीच सुरू होते. मातीच्या ढिगांवर ताडपत्री, उताराच्या कडेला गाळ अडवणारे कापडी कुंपण, काँक्रीटची यंत्रे धुण्यासाठी अस्तर घातलेला खड्डा आणि डिझेलच्या पिंपांखाली गळती धरणारे पसरट भांडे एवढी तयारी पुष्कळ घाण जागीच थोपवते. ही साधने पुरवणे मजुराच्या हातात नसते. म्हणून ज्याच्या हाती पैसा आणि निर्णय, त्या मालकावर आणि ठेकेदारावर पहिला भार येतो.

१९७४च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २४ प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून पाण्यात जाऊ देण्यास बंदी करते, मग तो थेट जावो वा अप्रत्यक्षपणे. धर्मविचार जाणिवेपाशी थांबत नाही. जाणून घेण्यात केलेली हयगयही तो दोषच मानतो. जूनमध्ये पाऊस येतो हे ज्या प्रदेशात लहान मुलालाही ठाऊक आहे, तिथे ‘कल्पना नव्हती’ हा बचाव दोन्हीकडे दुबळा ठरतो.