पाहण्याचा अधिकार : अंबरनाथची शिल्पभिंत

महाशिवरात्रीच्या सुमारास, थंडी ओसरून वसंताची चाहूल लागलेली असताना, अंबरनाथच्या शिवमंदिरात दोन प्रकारचे लोक येतात. भाविक सभामंडप ओलांडतात, सुमारे वीस पायऱ्या उतरतात आणि गाभाऱ्यातील लिंगापुढे नतमस्तक होतात. बाहेरच्या मूर्तींपाशी ते क्वचितच रेंगाळतात. कलेचा अभ्यासक भिंतीपाशीच थांबतो. त्याच्या लेखी हे मंदिर म्हणजे उघड्या आकाशाखालचे शिल्पदालन होय. प्रश्न असा की, पूजास्थानाकडे केवळ कलाकृती म्हणून पाहण्याचा नैतिक अधिकार आपल्याला कोठून प्राप्त होतो?

शके 982 मध्ये, म्हणजे इ.स. 1060 मध्ये, शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळात पूर्ण झालेल्या या मंदिराच्या शिल्पांचे साचे 1868 मध्ये मुंबईच्या कलाशाळेतर्फे घेण्यात आले. साचा मूर्तीला भिंतीपासून विलग करतो. सौंदर्यवादी दृष्टीही वेगळे काय करते? रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (1974) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद ही जी दोन टोके दाखविली, त्यांपैकी दुसऱ्या टोकावरून पाहणाऱ्यास मूर्तीचा आकार स्वयंपूर्ण वाटतो, पूजेचा संदर्भ त्याला उपरा ठरतो.

परंतु ही भूमिका खुद्द शिल्पापुढेच टिकत नाही. भूमिज शैलीतील या मंदिराच्या भिंती सपाट नाहीत. त्या कोनाकोनांनी पुढे-मागे सरकतात. कोणत्याही एका जागी उभे राहून त्या पूर्ण दिसत नाहीत, त्यासाठी चालावे लागते. हे चालणे म्हणजेच प्रदक्षिणा. आधुनिक शिल्पोद्यानातील वाट प्रेक्षकासाठी आखलेली असते. येथील वाट देवाभोवतीची आहे आणि प्रेक्षक तिचा लाभ घेतो. म्हणजे ज्या आकाराला आपण स्वायत्त म्हणतो, त्याचे आकलनच भाविकाच्या गतीवर अवलंबून आहे.

यावरून अधिकार केवळ भाविकाचा, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. ज्याचे साध्य गाभाऱ्यात आहे, त्याच्या दृष्टीने झिजलेली मूर्ती ही हानी नसूही शकेल. तेल, शेंदूर, स्पर्श ही भक्तीची भाषा असली तरी दगड तिने बदलतो. मंदिर संरक्षित स्मारक ठरले, ते त्याकडे कला आणि इतिहास म्हणून पाहणाऱ्या दृष्टीमुळे. मात्र हीच दृष्टी टोकाला नेली तर पूजा बंद करून मंदिराचे संग्रहालय करावे लागेल. आणि मग उरेल तो 1868 च्या साच्याचाच मोठा भाऊ.

तेव्हा हा वाद मालकीच्या परिभाषेत सुटणारा नाही. जी दृष्टी दुसऱ्याच्या दृष्टीला जागा शिल्लक ठेवते, तिलाच पाहण्याचा अधिकार आहे, एवढा एक निकष सुचविता येईल. तो भाविकाच्या हातावर बंधन घालतो. त्याहून कठोर बंधन अभ्यासकाच्या अहंकारावर घालतो. ‘आम्हीच खरे पाहतो’ हा दावा त्याला सोडावा लागतो. शिल्पापुढे तटस्थ असणे आणि शेजारून जाणाऱ्या माणसाविषयी उदासीन असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. सौंदर्यशास्त्राने पहिलीचा पुष्कळ विचार केला आहे. दुसरीचे उत्तरदायित्वही त्याने स्वीकारले पाहिजे.