कौतुकाचे दोन अर्थ

आपल्या सीमाभागातल्या घरांत एकच शब्द दोन भाषांतून येत-जात असतो आणि उंबरा ओलांडताना कधी कधी अर्थही बदलून घेतो. 'कौतुक' हा असाच एक शब्द. कन्नडमध्ये 'कौतुक' म्हणजे नवल, कुतूहल. जे पाहून डोळे विस्फारतात ते. मराठीत आज आपण 'कौतुक' म्हणतो ते शाबासकीला, मायेला, पाठीवरून फिरणाऱ्या हाताला. लेकीने पहिली पोळी वेडीवाकडी लाटली तरी आई तिचे कौतुक करते. त्या पोळीत नवल करण्यासारखे काही नसते. संस्कृतात ह्या शब्दाचा अर्थ कुतूहल असाच आहे, आणि जुन्या मराठीतही तो नवल ह्या अर्थाने सर्रास येतो. म्हणजे कन्नडने मूळ अर्थ जपला आणि मराठीने केव्हातरी ह्या शब्दाला नवलापासून मायेपर्यंत चालवत नेले.

शब्दाला हा प्रवास साधला. माणसाला तो साधतो का, हा खरा प्रश्न आहे. जगातल्या अजब, अपूर्व गोष्टी पाहाव्यात, ऐकाव्यात अशी ओढ प्रत्येकाला असते. पण ज्याचे आपल्याला नवल वाटते त्याचे आपण काही देणे लागतो का? की नवल वाटणे हा पाहणाऱ्याचा हक्क आणि पाहिले जाणे हे दुसऱ्याचे नशीब, इतकाच हा व्यवहार आहे?

प्रथम नवलाच्या बाजूने बोलले पाहिजे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातल्या धनिकांच्या आणि विद्वानांच्या घरी एक खास दालन असे. आपल्याकडे संग्रहालयाला पूर्वी 'अजबखाना' म्हणत; तो शब्द त्या दालनांना चपखल बसतो. शंख-शिंपले, पेंढा भरलेले प्राणी, दूरदेशची हत्यारे, चमत्कारिक दगड असा सारा पसारा तिथे मांडलेला असे. कोपनहेगनचे वैद्य ओले वर्म ह्यांचे असेच एक दालन होते आणि त्याची सचित्र सूची त्यांच्या मृत्यूनंतर १६५५ साली प्रसिद्ध झाली. त्या काळी युरोपात एकशृंगाच्या शिंगाला फार मोल होते. विषावर तो उतारा मानला जाई आणि राजेरजवाडे त्यासाठी वाटेल ती किंमत मोजत. वर्म ह्यांनी १६३८ मध्ये दाखवून दिले की हे शिंगच नव्हे. उत्तर समुद्रातल्या नार्व्हल ह्या देवमाशाच्या कुळातल्या प्राण्याचा हा लांब, पिळदार दात आहे. हे त्यांना कळले ते नवलापाशी न थांबता त्यांनी पुढे तपास केला म्हणून. नवल नसते तर तपासही झाला नसता. तेव्हा 'नसत्या चौकशा कशाला' म्हणून मुलांचे तोंड बंद करणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

मात्र ह्या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरचे लोक नार्व्हलची शिकार पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. त्यांच्या लेखी तो दात कधीच एकशृंगाचे शिंग नव्हता. जी वस्तू कोपनहेगनला अजब होती ती तिथे रोजच्या वापरातली होती. जगातली कोणतीही नवलाई घ्या. ती कोणाच्या तरी अंगणात साधी, ओळखीची असतेच. अजबपणा त्या वस्तूत नसतो. तो तिच्यात आणि आपल्यात असलेल्या अंतरात असतो. एवढे ध्यानात ठेवले तर पुष्कळ अनर्थ टळतात. ते विसरल्यावर काय होते ह्याचे एक उदाहरण पाहू.

दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात खोईखोई जमातीतली एक स्त्री मोलमजुरी करत होती. इतिहासात ती सारा बार्टमन ह्या नावाने ओळखली जाते. हे नाव डच वळणाचे आहे. आईबापांनी ठेवलेले नाव कोणत्याही नोंदीत उरले नाही. १८१० साली तिला लंडनला नेण्यात आले. तिच्या शरीराची ठेवण युरोपीय स्त्रियांहून निराळी होती, एवढ्या एका कारणावरून पिकॅडिली ह्या गजबजलेल्या भागात तिचे प्रदर्शन मांडले गेले. लोक पैसे देऊन तिला पाहायला येत. गुलामगिरीच्या विरोधकांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात हे प्रकरण न्यायालयात नेले. डच भाषेत तिची जबानी झाली. आपण राजीखुशीने आलो आहोत, आपली तक्रार नाही, असे तिने सांगितले. खटला निकालात निघाला आणि प्रदर्शन चालू राहिले.

ह्या राजीखुशीपाशी क्षणभर थांबले पाहिजे, कारण आपणही पुष्कळदा तिच्याआड लपतो. 'त्यांनाच आवडते दाखवायला', 'पैसे मिळतात ना त्यांना' असे आपण म्हणतो. हजारो मैलांवरच्या परक्या शहरात, परतीचा मार्ग दुसऱ्याच्या मुठीत असताना दिलेल्या होकाराचे वजन किती धरायचे? कायद्यापुरता तो होकार पुरेसा ठरला. न्यायालय जिथे हात झटकते तिथेच आपल्या विवेकाचे काम सुरू होते.

१८१४ मध्ये तिला पॅरिसला नेले. तिथे तिचा ताबा जनावरांचे खेळ करणाऱ्या एका माणसाकडे गेला. १८१५ च्या मार्चमध्ये तिथल्या राजोद्यानात शास्त्रज्ञांनी तिचे निरीक्षण केले, चित्रकारांनी चित्रे काढली. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस ती वारली. थोर शरीरशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए ह्यांनी तिच्या देहाचा साचा घेतला, विच्छेदन केले आणि सांगाडा व काही अवयव जपून ठेवले. पॅरिसच्या संग्रहालयात तिचा सांगाडा १९७४ पर्यंत लोकांना पाहायला मिळत होता. १९९४ मध्ये नेल्सन मंडेला ह्यांनी तिचे अवशेष परत मागितले. त्यासाठी फ्रान्सला वेगळा कायदा करावा लागला आणि ९ ऑगस्ट २००२ रोजी गमटूस नदीच्या खोऱ्यात, तिच्या मूळ मुलखात, तिचे दफन झाले. मृत्यूनंतर एकशे शहाऐंशी वर्षांनी.

सगळ्यांत बोचणारी गोष्ट क्युव्हिए ह्यांच्याच लेखनात आहे. हिची स्मरणशक्ती चांगली होती, डच ती बऱ्यापैकी बोले, इंग्रजी तिला थोडेसे येई आणि फ्रेंचचे काही शब्द ती शिकू लागली होती, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ह्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. परक्यांच्या दोन भाषा आत्मसात करून तिसरीला हात घालणारी ही स्त्री समोर बसलेली असताना त्या काळच्या श्रेष्ठ शास्त्रज्ञाने तिची मापे घेतली. तिच्या मुलखाबद्दल, तिच्या माणसांबद्दल तिला विचारून घेण्यासारखे किती होते! कुतूहल होते, बुद्धी होती, साधने होती. समोर माणूस आहे ही जाणीव मात्र नव्हती, आणि तिच्यावाचून बाकीचे सारे क्रूर ठरले.

विज्ञान म्हटले की हे असेच चालायचे, असे कोणी म्हणेल. ते खरे नव्हे. त्याच सुमारास, १७९८ ते १८३२ ह्या काळात, तंजावरच्या गादीवर आपले सरफोजीराजे होते. परदेशच्या विद्येची अशी हौस त्या वेळी क्वचितच कोणा राजाला असेल. युरोपीय ग्रंथ, छापखाना, शास्त्राची उपकरणे त्यांनी तमिळ मुलखात मराठी दरबारी आणली. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात नेत्ररोग्यांच्या नोंदी आजही जपलेल्या आहेत. रोगी डोळ्यांची रंगीत चित्रे आणि सोबत उपचारांचा तपशील असे त्यांचे स्वरूप आहे. चित्रे पॅरिसलाही निघाली आणि तंजावरलाही. पण तंजावरच्या चित्राचा उपयोग अखेर रोग्यालाच व्हायचा होता. पाहणाऱ्याची नजर समोरच्याच्या कामी येते की नाही, हा भेद मला मोठा वाटतो.

आणखी एक देणे असते, ते विश्वासाचे. १७९८ साली ऑस्ट्रेलियातल्या इंग्रज वसाहतीचे गव्हर्नर जॉन हंटर ह्यांनी एका प्राण्याचे कातडे इंग्लंडला पाठवले. बदकासारखी चोच, बीव्हरसारखी शेपूट, अंगावर दाट लव. पुढच्या वर्षी जॉर्ज शॉ ह्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, पण कोणी कसबी माणसाने दोन प्राणी शिवून आपल्याला फसवले तर नाही ना, ही शंका त्यांनाही आली होती. हाच प्लॅटिपस. तो खरा ठरल्यावर वाद सुरू झाला, की हा अंडी घालतो की पिल्ले? १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका टिपणात पॅट्रिक हिल ह्या डॉक्टरांनी कुकूगाँग नावाच्या तिथल्या आदिवासी प्रमुखाची साक्ष नोंदवली आहे. हा प्राणी कोंबडीच्या अंड्याएवढी दोन अंडी घालतो आणि आमच्यात हे सर्वांना ठाऊक आहे, असे त्याने सांगितले होते. युरोपातल्या विद्वानांनी वाद मिटला असे मानले नाही. १८८४ मध्ये विल्यम कॉल्डवेल ह्या तरुण ब्रिटिश संशोधकाने क्वीन्सलँडमध्ये, आदिवासींच्याच मदतीने कितीतरी प्राणी मारून, अंडी प्रत्यक्ष मिळवली आणि तारेने बातमी धाडली. तेव्हा जगाने मान डोलावली.

शास्त्राला पुरावा हवा हे मान्य. कुकूगाँगचे म्हणणेही तंतोतंत नव्हते. अंडी कोंबडीच्या अंड्याहून बरीच लहान निघाली. पण मूळ मुद्द्यावर तो बरोबर होता आणि बासष्ट वर्षे त्याचा शब्द तसाच पडून राहिला. दुसऱ्याच्या अंगणातली वस्तू उचलून आणायची आणि अंगणवाल्याचे म्हणणे मात्र वजनात धरायचे नाही, हा अजबखान्याचा जुना रोग आहे.

हा रोग गेला असे समजण्याचे कारण नाही. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइलचा अजबखाना आहे. ओठांत चकती घालणारी आफ्रिकेतली स्त्री, कुठले तरी विचित्र खाणे, कोणाचा तरी चमत्कारिक सण, सारे काही अर्ध्या मिनिटात बोटाखालून सरकून जाते. पूर्वी तिकिटाला पैसे तरी पडत आणि पायपीट करावी लागे. आता तेवढाही विचार करावा लागत नाही. त्या स्त्रीला ती चकती शोभेची वाटते का, ती कोणत्या वयात घालतात, तिची आई तिला काय सांगते, हे विचारण्याआधीच पुढचे नवल समोर उभे असते.

पाहिले जाण्याचा अनुभव मात्र आपल्याला अगदीच नवा नाही. आपली पोरे शिकायला पुण्या-मुंबईला गेली की त्यांचे 'काय करालास' आणि वाक्याच्या शेवटचा 'की' ऐकून वर्गात हशा पिकतो. 'अजून एकदा बोल ना' अशी फर्माईश होते. हसणाऱ्यांच्या मनात वाईट नसते. पण दहाव्या वेळी ते पोर गप्प होते आणि सुटीत घरी येते ते वेगळेच मराठी बोलत येते. सारा बार्टमनच्या यातनांपुढे हे काहीच नव्हे. दोन्ही एका तागडीत घालण्याचा प्रमाद मी करणार नाही. तरी तिच्याकडे वळलेल्या नजरेची एक बारीकशी झळ आपण सोसली आहे, एवढे म्हणता येईल.

ह्याच बोलीकडे वळलेली दुसरी एक नजर आठवा. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात प्राध्यापक होते आणि त्यांनी लिहिलेले 'रावसाहेब' आपल्याकडे न वाचलेला, न ऐकलेला माणूस विरळा. कन्नड हेलाचे ते मराठी, ते लिंगवचनाचे गोंधळ, त्या शिव्या, सारे काही पु. लं. नी टिपले आहे आणि त्यावर अवघा महाराष्ट्र हसला आहे. तरीही बेळगावकरांना त्यात अपमान वाटला नाही. उलट रावसाहेब आपलेच म्हणून आपण मिरवतो. कारण त्या हसण्यात आपण रावसाहेबांच्या घरात शिरतो, त्यांचे नाटक-संगीताचे वेड, त्यांचा दिलदारपणा पाहतो आणि शेवटाला येईपर्यंत घसा दाटून येतो. आरंभी बोली नवलाची असते, अखेरीस माणूस आपला झालेला असतो. कन्नड अर्थाच्या कौतुकातून मराठी अर्थाच्या कौतुकात आपण कधी आलो ते कळतही नाही.

नवल वाटण्यात दोष नाही. तो दरवाजा आहे आणि तो उघडाच राहावा. दोष आहे तो दारातूनच पाहून परतण्यात. ज्या वस्तूचे, ज्या माणसाचे आपल्याला नवल वाटले त्याचे नाव त्याच्या भाषेत काय, त्याच्या घरी ते कशासाठी असते, आणि तो स्वतः त्याविषयी काय सांगतो, एवढे विचारण्याचे देणे प्रत्येक नवलाबरोबर आपल्या अंगावर येते. ते फेडायला पैसा लागत नाही, थोडा वेळ मात्र द्यावा लागतो.

ह्या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती पोरे मोबाइलवर जगातले एखादे अजब दाखवतील तेव्हा त्यांना रागावू नका. आपणही डोळे विस्फारून पाहा. आणि मग सहज विचारा, 'ह्यांच्या घरी ह्याला काय म्हणतात रे?' पोराला उत्तर ठाऊक नसेल. शोधू द्या त्याला.